न बोलणारे एंजिन

पेरणीच्या दिवसांत काळाचे मोल वेगळेच असते. माळव्याच्या काळ्या रानात काय किंवा बेळगावकडील शिवारात काय, जमीन वाफशावर येते ती मोजक्या दिवसांपुरती. ओल अधिक असेल तर माती फाळाला चिकटते. ओल उडाली तर तीच माती दगडासारखी होते. मधले जे चार-सहा दिवस, त्यांवर वर्षाचे पोट अवलंबून. अशा एखाद्या पहाटे शेतकरी ट्रॅक्टरवर बसतो, किल्ली फिरवतो, सेल्फ घरघरतो, एंजिन एक-दोन आचके देते आणि गप्प होते. पुन्हा किल्ली, पुन्हा घरघर. सहाव्या-सातव्या खेपेस घरघरही क्षीण होते. भोवती जमलेल्यांपैकी एक जण म्हणतो, बॅटरी गेली. दुसरा म्हणतो, पंप गेला. तिसरा बाह्या सरसावून धक्का मारण्याच्या तयारीस लागतो. तालुक्याच्या गावाहून मिस्त्री येईपर्यंत दिवस कलतो, आणि पुष्कळदा दोष निघतो तो एवढाच की, डिझेलच्या नळीत थोडी हवा अडकून बसली होती.

हे कोडे आजचे नव्हे. डिझेल एंजिन जन्मास आले त्या दिवसापासून ते 'सुरू कसे करावे' हाच त्याच्या इतिहासातील अर्धा प्रश्न होऊन बसला आहे. किंबहुना, या एंजिनाचा इतिहास ज्याने नीट ध्यानात घेतला, त्याला बिघडलेला ट्रॅक्टर तपासण्याची रीत निराळी शिकावी लागत नाही. शोधकांना ज्या अडचणी एकामागून एक आल्या, त्याच अडचणी रानात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरलाही येतात.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये जर्मन कुटुंबात झाला. वडील चामड्याच्या वस्तू करणारे कारागीर होते. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनचा आश्रय घ्यावा लागला. पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात कार्ल फॉन लिंडे या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली रुडॉल्फ शिकला. वाफेच्या एंजिनात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सादेखील कामी लागत नाही, बाकी सारी धुराड्यातून निघून जाते, ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली. यावर त्याने जो उपाय योजला तो वरवर पाहता अगदी साधा होता. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते, हा अनुभव लहान मुलांनाही असतो. हवा दाबली की तापते. मग ती इतकी दाबावी की, तिच्यात इंधनाचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेईल. निराळी ठिणगी नको, वात नको, ज्योत नको.

१८९२ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ साली ते त्याला मिळाले. त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी आउग्सबुर्ग येथील कारखान्यात पहिल्या एंजिनाची परीक्षा झाली. बाहेरच्या पट्ट्याने एंजिन फिरविले, आत इंधन सोडले, आणि असा स्फोट झाला की दाब मोजणारे उपकरणच फुटून उडाले. कल्पना खरी ठरली होती, परंतु एंजिन स्वतःच्या बळावर काही चालेना. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारलेले एंजिन सुमारे एक मिनिट आपले आपण फिरले. त्या एका मिनिटानंतर आणखी तीन वर्षांचे कष्ट खर्ची पडले. अखेर फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक श्र्योटर यांनी घेतलेल्या परीक्षेत या एंजिनाने इंधनातील २६.२ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर करून दाखविले. जगात दुसऱ्या कोणत्याही उष्णतायंत्राची त्या काळी अशी कामगिरी नव्हती. या शोधकाचा शेवट मात्र करुण झाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून तो नाहीसा झाला.

आउग्सबुर्गच्या कारखान्यातून पहिला धडा मिळतो तो हा की, या एंजिनात आग ही दाबातून उत्पन्न होते. दट्ट्या म्हणजे पिस्टन हवेला मूळच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शाइतक्या जागेत कोंबतो, तेव्हा तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. परंतु दट्ट्या रेंगाळत वर आला, तर दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते, आणि जी उरते तिची उष्णता थंडगार भिंती शोषून घेतात. म्हणून डिझेल एंजिन नुसते फिरविणे पुरेसे नाही. ते झपाट्याने फिरवावे लागते. थंडीच्या दिवसांत माळव्यातील ट्रॅक्टर पहाटे हटून बसतो आणि ऊन वर आल्यावर मुकाट्याने सुरू होतो, त्याचे कारण येथे आहे. गारठ्याने वंगणाचे तेल दाट होते, बॅटरीचे बळ कमी पडते आणि एंजिनच्या भिंतीही थंड असतात. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात.

ही उष्णता बाहेरून पुरविण्याचा मार्ग दुसऱ्या एका शोधकाने आधीच चोखाळला होता. इंग्लंडमधील हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट याने १८९० साली अशा एंजिनाचे पेटंट घेतले की, ज्याच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असे. तो गोळा स्टोव्हसारख्या दिव्याने चांगला तापवावयाचा, आणि मग चाक फिरवावयाचे. एकदा एंजिन चालू झाले की, आतील जळणानेच गोळा तापलेला राही. याच तत्त्वावर जर्मनीतील मानहाइम येथील लान्झ कारखान्याने १९२१ साली 'बुलडॉग' हा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याची ताकद १२ अश्वशक्तीची. परंतु मिळेल ते हलके-भारी तेल तो मुकाट गिळत असे. फ्रिट्झ हुबर हा त्याचा कर्ता. या जातीच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत सुकाणूचे चाक दांड्यासह उपसून एंजिनच्या जड चाकात बसवावे लागे, आणि त्याच्या जोरावर एंजिन फिरवावे लागे. सकाळी उठून आधी दिवा पेटवावा, काही मिनिटे वाट पाहावी, मग हात घालावा, असा त्या काळच्या शेतकऱ्याचा नित्यक्रम होता. आज कित्येक ट्रॅक्टरांत किल्ली थोडी फिरवून क्षणभर थांबावे लागते, आणि तेवढ्यात आतील तापपट्टी म्हणजे ग्लो प्लग लाल होतो. त्या जुन्या दिव्याचाच हा वंशज होय. घाईत ते थांबणे विसरणारे लोक आपल्या एंजिनाला विनाकारण दोष देतात.

उष्णतेचा प्रश्न सुटला तरी इंधनाचा उरला होता. दाबलेल्या हवेत इंधन घालावयाचे म्हणजे त्याहूनही अधिक दाब हवा. डिझेलने त्यासाठी निराळा हवेचा पंप जोडला. तो इतका अवजड होता की, एंजिन कारखान्यात किंवा जहाजावर शोभे. शेतात नेणे अशक्य. प्रॉस्पर लॉरांज या बेंझ कंपनीतील यंत्रज्ञाने १९०९ साली इंधनासाठी छोटी पूर्वकोठी योजून या ओझ्यातून सुटण्याची वाट दाखविली, आणि रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२२ पासून खटपट करून १९२७ साली सुटसुटीत इंधनपंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला. डिझेल एंजिन रानात उतरले ते या पंपामुळे. त्यातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापात मोजावी लागते; माणसाचा केस तिच्यापुढे दोरखंड वाटेल. साहजिकच धुळीचा एक कण किंवा पाण्याचा एक थेंब या पंपाचा शत्रू ठरतो. ट्रॅक्टरवर एकापाठोपाठ दोन-दोन फिल्टर आणि पाणी साठण्याची काचेची वाटी का असते, हे आता निराळे सांगावयास नको.

याच पंपाचा दुसरा शत्रू म्हणजे हवा. डिझेल दाबले तरी फारसे आकसत नाही; म्हणून पंपाने इकडे रेटा दिला की, तिकडे नोझलमधून फवारा उडतो. परंतु नळीत हवेचा बुडबुडा असला, तर पंपाचा सारा रेटा तो बुडबुडा दाबण्यातच संपतो. पंप चालतो, एंजिन फिरते, टाकीत डिझेल असते, आणि तरीही आत थेंब पोचत नाही. टाकी एकदा पूर्ण रिकामी होऊ दिली किंवा फिल्टर बदलला की, हा प्रसंग हमखास ओढवतो.

तिसरा प्रश्न होता तो फिरविण्याचा. इतका दाब असलेले एंजिन माणसाच्या हाताने झपाट्याने फिरविणे कठीण. अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीने १९३१ साली डिझेलवर चालणारा पट्ट्यांचा ट्रॅक्टर काढला, तेव्हा त्याच्या कुशीत एक छोटे पेट्रोल एंजिन बसविले. धाकट्याने थोरल्याला उठवावयाचे! इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९३५ साली असे एंजिन दिले की, ते आधी पेट्रोलवर ठिणगीने सुरू व्हावे आणि मग डिझेलवर जावे. इंग्लंडमधील फील्ड मार्शल ट्रॅक्टरची तऱ्हा तर गमतीची होती. धुमसणारा कागदाचा तुकडा एंजिनच्या डोक्यात खुपसून हाताने फिरवावे, अथवा बंदुकीच्या काडतुसासारखे काडतूस घालून त्यावर हातोडी मारावी, आणि त्या स्फोटाने दट्ट्या उसळावा, अशी सोय तीत होती. या सर्व खटाटोपांची जागा पुढे बॅटरीने आणि विजेच्या सेल्फने घेतली. खटाटोप गेला, गरज मात्र कायम राहिली. बॅटरी अशक्त झाली की, आपण पुन्हा १९३१ च्या आधीच्या काळात जाऊन पडतो.

या इतिहासाचा एक प्रवाह आपल्या भागातूनही वाहतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते काही काळ शिकवीत होते. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून जो उद्योग सुरू झाला, त्यातूनच १९०३ साली लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळे प्रारंभी तो नांगर कोणी घेईना. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि विहिरीवरील मोटेच्या जागी डिझेल एंजिनाचा ठेका ऐकू येऊ लागला. खेड्यापाड्यांतील कितीतरी हातांनी नळीतील हवा काढण्याचा पहिला धडा घेतला तो या विहिरीवरच्या एंजिनावर. ट्रॅक्टर त्या खेड्यांत नंतर आला.

तिकडे मध्य भारतात निराळाच लढा चालू होता. भोपाळ, माळवा आणि विंध्य प्रदेशातील लाखो एकर काळी जमीन कांस नावाच्या गवताने गिळून टाकली होती. त्याच्या मुळ्या इतक्या खोल जातात की, बैलांचा नांगर तेथे हात टेकतो. स्वातंत्र्याच्या वर्षीच, म्हणजे १९४७ साली, केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन स्थापन केली. महायुद्धानंतर शिल्लक राहिलेले अमेरिकन सैन्याचे ट्रॅक्टर दुरुस्त करून तिने काम सुरू केले. १९४९ साली जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले, त्यातून अवजड ट्रॅक्टर आले. यंत्रे आली, परंतु ती राखणारे हात कोठून आणावयाचे? एक ट्रॅक्टर बंद पडला की, केवळ एक यंत्र थांबत नसे. एका हंगामाची जमीन पडीक राहत असे. १९५५ साली नर्मदेच्या काठी बुदनी येथे ट्रॅक्टर-शिक्षणाचे केंद्र सुरू झाले, त्यामागील निकड हीच होती. यंत्र विकत घेता येते, ज्ञान मात्र कमवावे लागते, हे त्या वेळी ध्यानात आले. यानंतर १९५९ साली फरिदाबाद येथे आयशर ट्रॅक्टर तयार होऊ लागला, आणि १९७४ साली दुर्गापूरच्या संशोधन संस्थेने आखलेला स्वराज ट्रॅक्टर पंजाबात कारखान्याबाहेर पडला. आज ट्रॅक्टर निर्माण करणाऱ्या जगातील अग्रगण्य देशांत भारताची गणना होते.

आता त्या पहाटेच्या मुक्या ट्रॅक्टरकडे वळावे. जाणता मिस्त्री आल्याबरोबर पाना हाती घेत नाही. तो गियर मोकळा आहे ना, ब्रेक लागला आहे ना, हे पाहतो, आणि मग इतिहासाने शिकविलेले तीन प्रश्न विचारतो: एंजिन पुरेशा वेगाने फिरते काय? आत डिझेल पोचते काय? आणि पोचलेले डिझेल पेटण्याइतकी उष्णता होते काय?

पहिल्या प्रश्नासाठी तो बॅटरीकडे पाहतो. टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल, तर बॅटरी नवी असूनही वीज अडते. ती खरवडून, तारा घट्ट आवळल्या की पुष्कळ ट्रॅक्टर तेथेच बोलू लागतात. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. सेल्फ मारताना दिवा अगदीच विझू लागला, तर बॅटरी थकली किंवा जोड सैल आहे असे समजावे. उगाच सेल्फ मारीत राहणे हा मात्र सर्वांत महाग उपाय. दोष तसाच राहतो आणि बॅटरीचे बळ तेवढे संपते.

एंजिन चांगले फिरत असेल, तर तो मागे उभ्या असलेल्या माणसाला नळकांड्याकडे पाहावयास सांगतो. धूर मुळीच नसेल, तर बहुधा डिझेल आत जात नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. ही एक खूण अर्धे काम करते. धूर नसल्यास टाकी, कॉक, आणि एंजिन बंद करण्याचा ओढता दांडा पाहावा. काल सायंकाळी ओढलेला तो दांडा आज पहाटे तसाच राहिला, म्हणून अर्धा गाव हैराण झाल्याचे प्रसंग घडतात. नव्या तऱ्हेच्या ट्रॅक्टरांत हेच काम विजेने होते. तेथे फ्यूज पाहावा. टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र चिखलाने बुजले असेल, तरीही डिझेल अडते. मग काचेच्या वाटीतील पाणी काढावे, फिल्टर पाहावा, आणि हवा काढण्यास लागावे.

हवा काढण्याचा क्रम टाकीकडून एंजिनकडे असतो. आधी फिल्टरवरील स्क्रू सैल करून हाताचा छोटा पंप दाबावा. फेस येतो, बुडबुडे येतात, आणि काही वेळाने निर्मळ धार लागते. ती लागली की, स्क्रू आवळावा. मग मोठ्या पंपावरील स्क्रूशी तेच करावे. तरीही एंजिन बोलेना, तर जुन्या पद्धतीच्या एंजिनात नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारतात, आणि डिझेल उसळू लागताच आवळतात. बुडबुडे पुन्हा पुन्हा येत असतील, तर कोठेतरी वॉशर किंवा नळी हवा ओढते आहे. ती जागा शोधल्याखेरीज सुटका नाही.

पांढरा धूर येत असूनही एंजिन पेटत नसेल, तर तिसरा प्रश्न उरतो. तापपट्ट्या, हवेचा फिल्टर, व्हॉल्व्ह, आणि शेवटी झिजलेल्या रिंगा, हा त्याचा क्रम. येथवर आल्यावर मात्र कारखान्याची वाट धरावी. दाब मोजण्याचे काम उपकरणाचे आहे, अंदाजाचे नव्हे.

या कामात दोन गोष्टी जिवावर बेतू शकतात. नोझलचा फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी ती विषारी असते, आणि तीसाठी तत्काळ दवाखाना गाठावा लागतो. म्हणून गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरावा. दुसरी गोष्ट, जमिनीवर उभे राहून सेल्फच्या टर्मिनलांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर सुरू करू नये. गियरमध्ये असलेला ट्रॅक्टर सुरू होतो तो त्या माणसाच्या अंगावरूनच जातो. विजेच्या नियंत्रणाने चालणाऱ्या अगदी नव्या एंजिनांत इंधनाचा दाब जुन्या एंजिनांच्या कित्येक पटींनी अधिक असतो. तेथे नळ्यांचे नट सैल करण्याची जुनी रीत मुळीच अवलंबू नये.

या नव्या एंजिनांमुळे एक प्रश्न उभा राहिला आहे. दोष सांगण्याचे काम आता कित्येक ठिकाणी संगणक करतो, आणि तो संगणक शेतकऱ्याजवळ नसतो. यंत्र अधिक शहाणे झाले, म्हणून त्याच्या धन्याने अडाणी व्हावे काय? किर्लोस्करांच्या नांगराला शेतकरी भ्याला, कारण तो त्याला समजला नव्हता. समजल्यावर त्यानेच तो आपलासा केला. बुदनीच्या केंद्रानेही तेच काम केले. एंजिनाचे रूप बदलले तरी वेग, इंधन आणि उष्णता हे तीन प्रश्न आउग्सबुर्गपासून आजतागायत तेच आहेत. ते क्रमाने विचारता आले, तर मिस्त्रीला बोलावण्याची वेळ येईल तेव्हाही काय झाले आहे हे त्याला नेमके सांगता येईल, आणि वाफशाचा एखादा दिवस तरी वाचेल. शेतीत एक दिवस वाचणे ही काही लहान गोष्ट नव्हे.